आक्काची पात

मी एका बाईवर इतकी माया केली की तिला गाव सोडून जावं लागलं. हे आज सांगताना हसू येतं, पण तेव्हाही मला हसूच येत होतं, समाधानाचं. माझ्यासारखी मायाळू बाई जवळा बाजारापासून औंढ्यापर्यंत शोधून सापडायची नाही, असं माझं स्वतःबद्दल ठाम मत होतं. तिशी ओलांडलेली, पदरात दोन लेकरं, सातवीपर्यंत शाळा झालेली, आणि कुणाच्याही घरात न विचारता शिरायची हौस दांडगी. अशा बाईपासून देवानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचवावं.

ती बाई म्हणजे आक्का. माझी सख्खी बहीण नव्हे. आम्ही दोघी एकाच गावच्या, साखऱ्याच्या लेकी. ती थोडी मोठी, तिचं लग्न आधी होऊन ती या गावात आली. मग तिच्याच बापानं माझ्या बापाला इथलं स्थळ सुचवलं. म्हणून माझ्या लग्नाच्या मांडवात सगळ्या बाया डोळ्याला पदर लावून बसल्या तरी मी कोरडी होते. पुढं आक्का आहे हे मला माहीत होतं. तिच्या आणि माझ्या घराची मधली भिंत एकच होती. तिकडं वरवंटा फिरला की इकडं मला कळायचं आज कसली चटणी आहे. आक्का इथून जाऊन आता बरीच वर्षं झाली. भिंत आहे तशीच आहे, पलीकडं तिच्या पुतण्याची मोटारसायकल उभी असते. तरी दुपारी पडल्या पडल्या माझा कान तिकडंच लागलेला असतो. मोटारसायकल काय चटणी वाटणार आहे?

नव्वदनंतरची गोष्ट आहे. हिंगोलीचा जिल्हा अजून झाला नव्हता, आमच्या सगळ्या वाटा परभणीला जायच्या. त्या साली ऐन उन्हाळ्यात आक्काचा मालक गेला. जवळ्याच्या बाजारात म्हशीचं दावं घ्यायला गेलेला माणूस लिंबाच्या सावलीत पाणी प्यायला बसला तो उठलाच नाही. त्यांची एकुलती लेक वर्षभरापूर्वीच शिरड शहापूरला दिलेली. घरात उरली आक्का, दावणीला एक म्हैस, आणि ओढ्याकाठचं तीन एकर रान.

आमच्याकडं दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. तेरवीपर्यंत शेजारच्या घरांतून भाकरी आणि पिठलं जातं. तेरवी झाली की त्या घरच्या बाईनं आपली चूल सारवायची, पेटवायची, आणि त्या दिवसापासून भाकरी नेणाऱ्यांनी थांबायचं. हे कुणी कुणाला सांगत नाही, आपोआप होतं. मला सांगायला हवं होतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी फडक्यात भाकरी बांधून तिच्या दारात उभी. तिसऱ्या दिवशीही. आक्का चुलीपुढं काड्या रचत बसलेली दिसली की मी म्हणायचे, "राहू दे, राहू दे. तू कशाला धुरात बसती?" आणि तिची काडीपेटी उचलून आपल्या कमरेला खोचायचे. तिच्या घागरी मी भरून आणायचे. तिचं अंगण मी झाडायचे. म्हशीची धारही काढायला बसले, तर म्हशीनं लाथ मारून दुधाचं भांडं उलटं केलं. गावात त्या म्हशीइतकं स्पष्ट मला कुणीच सांगितलं नाही, आणि मी मात्र म्हशीलाच नाठाळ ठरवलं.

माझी सासू फार बोलायची नाही. बोलली की तिखट बोलायची. एक दिवस पिठलं बांधून निघाले तर दारातच म्हणाली, "तिकडली चूल पेटू देत न्हाईस अन् इकडलीवर सगळं करपवून राहिलीस. दोन्ही घरं मारशील तुझ्या मायेनं."

"आत्याबाई, ती एकटी हाय."

"एकटीच हाय ना, लंगडी न्हाई."

मी मनात म्हटलं, म्हातारीला माया काय कळणार. म्हातारी त्या वेळी आज मी आहे त्याच्याहून लहान होती.

पाऊस झाला, पेरण्या झाल्या, निंदण आलं. निंदायला बाया ओळीनं बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला पिकाच्या दोन ओळींमधली एक पट्टी येते, तिला पात म्हणतात. आपापली पात धरून खुरप्यानं तण काढत सगळ्या पुढं सरकतात. एखादी मागं राहिली तर शेजारची हातभर तिची पात काढून देते, पण तेवढंच. आक्काच्याच रानात आम्ही चार-पाच जणी होतो, एकमेकींच्या रानात फेड करणाऱ्या. आक्काचा हात मंदावला होता. मधेच खुरपं मातीत रोवून ती ओढ्याकडं बघत बसायची. मी काय करायचे, तर माझी पात झपाट्यानं संपवायची, बांधावरून वळसा घालून तिच्या पातीच्या दुसऱ्या टोकाला बसायचं, आणि तिच्या दिशेनं निंदत यायचं. अर्ध्या पातीत आमची गाठ पडायची. बाकीच्या बाया म्हणायच्या, "सख्खी बहीण बी एवढं करत न्हाई बाई." मी पदरानं घाम पुसायचे, तो जरा जास्तच वेळ पुसायचे. कौतुक नीट ऐकू यावं म्हणून.

एकदा गाठ पडली तेव्हा आक्का उठली नाही. खुरप्याच्या टोकानं माती उकरत म्हणाली, "माझी पात मला ठेवत जा."

"अगं, तुला तकलीफ नको म्हणून."

"तकलीफ होऊ दे की जरा."

मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि राहिलेलं तणही उपटून टाकलं.

पंचमीला तिचा धाकटा भाऊ साखऱ्याहून तिला न्यायला आला. चार दिवस माहेरपणाला म्हणूनच आला होता. आक्का आत पातळाची घडी घालत होती. मी चहा घेऊन ओसरीवर गेले, तिच्याच घरात माझा चहा घेऊन. तो माझाही गावभाऊ. त्यानं हळू आवाजात विचारलं, "ताई, खरं सांगा. आक्का कशी राहून राहिली?"

एवढंच विचारलं त्यानं. "बरी आहे" एवढं म्हणून मी गप्प बसले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण इतक्या महिन्यांची माझी माया कुणी विचारायचीच वाट बघत होती. मी सगळं सांगितलं. भाकरी माझी, पाणी माझं, झाडलोट माझी, पात माझी. "काडी मोडू देत न्हाई मी तिला," असं म्हणाले. अजून आठवतं, म्हणताना मान जरा कलती केली होती.

त्यानं बशी खाली ठेवली. "म्हंजी तिला एकटीला जमत न्हाई."

"कुठं जमतं भाऊ," मी म्हटलं, आणि वर एक सुस्कारा सोडला.

दारात आक्का पातळ हातात धरून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. नवीन कुणी बाई गावात आली की आपण जसं बघतो, कोणाची असेल ही, तसं पाहिलं तिनं.

भाऊ वाईट नव्हता. बहीण उपाशी-तापाशी एकटी मरेल या भीतीनं त्यानं त्याच दिवशी सगळं ठरवून टाकलं. रान गावातच वेगळ्या राहणाऱ्या दिरानं करायचं, म्हैस दिराच्या दावणीला बांधायची, आक्कानं कायमचं साखऱ्याला राहायचं. आक्का म्हणाली, "माझं जमंल." तो म्हणाला, "आक्का, शेजारचे सांगून राहिले ना." मी तिथंच उभी होते. त्या वेळी तरी तोंड उघडायचं. पण मघाशी एवढं मोठं बोलल्यावर लगेच लहान बोलायला जीभ वळली नाही. आक्कानं घराला कुलूप लावलं, किल्ली दिराच्या हातात दिली, आणि भावाच्या मागं निघाली. माझ्या अंगणावरून गेली, पण माझ्या अंगणात आली नाही.

मग मला कळलं की गाव किती मोठं असतं आणि त्यात एक माणूस नसलं की ते कसं ओस पडतं. सकाळी पिठात हात घातला की हात आपोआप दोन घरांचं पीठ मळायचा. उरलेल्या भाकरी बघून सासू म्हणाली, "आता कुनाला भरवशील? मला भरव. मला दात बी न्हाईत, मी नको बी म्हननार न्हाई." निंदायला गेले की शेजारच्या पातीत दुसरीच बाई. ती तोंडानं भरभर आणि हातानं सावकाश. तिची पात मागं राहिली तर मला काही वाटायचं नाही. तेव्हा पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली. मग आक्काच्याच पातीचं मला एवढं काय वाटत होतं? ती थांबून ओढ्याकडं बघायची ते मला बघवत नव्हतं. तिचं दुःख माझ्या डोळ्यांपुढून कुणीतरी उचलावं असं मला वाटायचं, म्हणून मी तिचं काम उचलायचे. दुःख तिथंच होतं. काम तेवढं गेलं, आणि तिच्या हाताला धरायला काही उरलं नाही.

हे मला तेव्हा असं सुबक शब्दांत कळलं नव्हतं. तेव्हा मी नुसती सवयीनं जास्तीच्या भाकरी थापत राहिले.

दिवाळीला माहेरी गेले. आईला भेटले न भेटले आणि आक्काच्या भावाच्या घरी गेले. आक्का ओसरीवर बाजेवर बसली होती. बसली होती म्हणजे नुसती बसली होती. मांडीवर हात, हातात काही नाही. भावजय बिचारी खरंच चांगली. मला पाणी देत म्हणाली, "आक्कांना आमी काडी मोडू देत न्हाई." माझंच वाक्य, शब्द न् शब्द.

आक्काच्या हाताकडं माझं लक्ष गेलं. निंदणाऱ्या बाईची नखं कधी पांढरी नसतात, कितीही घासा, कडेला माती राहतेच. आक्काची नखं स्वच्छ होती. तळव्यावरचे खुरप्याचे घट्टे मऊ पडून पापुद्रे सुटत होते.

मला रडू कोसळलं. आता वाटतं, ज्या बाईचं घर मी बंद केलं तिच्यापुढंच जाऊन रडायचं, यातही माझीच हौस. आक्कानं मला जवळ घेतलं नाही, गप्पही केलं नाही. जरा वेळानं म्हणाली, "रडून झालं की सांग. मला बोलायचं हाय."

"झालं."

"काहून सांगितलंस त्याला तसं?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं. मला इचारलंस का?" तिचा आवाज वाढला नव्हता. "ह्यो गेला तवा मी रोज सकाळी उठून म्हनायची, आज चूल पेटवीन. एवढंच. एक चूल पेटली म्हंजी एक दिस निघाला. तू रोज यायची अन् काडीपेटी घेऊन जायची. मी दिसभर काय करू? त्याला आठवत बसू?"

काडीपेट्या अजून माझ्या घरी होत्या.

संध्याकाळी भाऊ रानातून आला. मी उठून म्हटलं, "भाऊ, पंचमीला मी खोटं बोलले. आक्काला सगळं जमतं."

तो पाय धुता धुता थांबला. "ताई, तवा खोटं बोलल्या का आता बोलून राहिल्या?"

बराबर होतं त्याचं. उत्तर बाजेवरून आलं. "तिचं सोड," आक्का म्हणाली. "तवाबी तिलाच इचारलंस, आताबी तिलाच इचारून राहिला. मी हितं बसलेय."

भाऊ ओल्या पायानं तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "बोल मग, आक्का. काय करायचं?"

"मला माझ्या घरी जायचं हाय. सोयाबीन निघालं असंल, मला हरभरा पेरायचा हाय. न्हाई जमलं तर माझी मी येईन. तू न्यायला नको येऊ."

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघी एकाच जीपनं परत आलो. वाटेत ती माझ्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही, आणि माझ्यासारखीला ते रस्ताभर जमलं हे ज्यांना मी माहीत आहे त्यांना विचारा. आक्कानं दिराकडून किल्ली घेतली, म्हैस सोडून आणली. दिवस मावळायच्या आत भिंतीपलीकडं काटक्या मोडल्याचा आवाज आला. काटक्या ओल्या असणार, कारण तिला खोकला लागला. मी उठले. सासूनं उंबऱ्यावर पाय आडवा टाकला. "बस खाली." मी बसले. पुन्हा खोकला, पुन्हा मी उठले, पुन्हा म्हातारीचा पाय. मग भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज आला. थप, थप, मधे जरा थांबून, पुन्हा थप. मी तिथंच भिंतीला टेकून बसून राहिले.

भाकरी मात्र त्या दिवशी आमची करपली. सासूनं निमूट खाल्ली.

पुढच्या पावसाळ्यात आक्काच्या रानात पुन्हा ओळ बसली. ती पुन्हा मागं पडायची. तेव्हा मी आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम शिकले, हळू निंदायचं. हात चालत असताना चालवायचा नाही, तिच्या पातीला पात लावून सरकायचं. बाया मला चिडवायच्या, "काहून वैनी, खुरपं बोथटलं का?" एकदा न राहवून मी तिच्या पातीतलं तण उपटलं, तर तिनं खुरप्याची मूठ माझ्या मनगटावर मारली. चांगली लागली. निळं झालं होतं. घरी विचारलं तर मी सांगितलं, म्हशीनं मारलं.

ती ओढ्याकडं बघत थांबली की मीही थांबायचे. कधी ती त्याच्याबद्दल एखादं वाक्य बोलायची. "त्याला गूळ लै आवडायचा." मी म्हणायचे, "व्हय." एवढंच. त्या "व्हय"पर्यंत यायला मला वर्ष लागलं.

अशी कितीतरी वर्षं गेली. जिल्हा झाला, गावात फोन आले, लेकरं मोठी झाली. मग माझ्या मालकाला लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सासू तेव्हा नव्हती. रोज दुपारी आक्का सुपात तूर घेऊन यायची आणि माझ्यापुढं ठेवायची. "निवडून दे गं." मला आधी राग आला. माझा माणूस असा पडलेला आणि हिला तूर सुचते. पण खडे वेचता वेचता तेवढा वेळ माझं डोकं थांबायचं. ती शेजारी बसायची. मी मनात म्हणायचे, काय शहाणी बाई आहे, मला कामाला लावून सावरते. हे मी दहा जणींना सांगितलंसुद्धा.

वर्षभरानं कळलं की तिला खडे खरंच दिसत नव्हते. लेकीनं नांदेडला नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणाले काचबिंदू, गेलेली नजर परत येत नाही. भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या मला तिचे डोळे चाललेले दिसले नाहीत. पूर्वी न विचारता सगळं करत होते, आता विचारायचंच राहिलं होतं. माया शिकायला गेले की मी नेहमी एक इयत्ता मागं असायचे.

आक्कानं दोन पावसाळे चाचपडत काढले. चूल चाचपडत, म्हैस चाचपडत. मी हात पुढं करायच्या आधी विचारायचे, आणि ती बहुतेक वेळा "नको" म्हणायची, कधीकधी "धर" म्हणायची. त्या "धर"साठी मी दिवसभर वाट बघत असायचे. मग तिचा हात एकदा चुलीत पोळला. या वेळी कुणी न्यायला आलं नाही, कुणी कुणाला काही सांगितलं नाही. तिनं स्वतः जावयाला निरोप धाडला, की मी शिरडला येते, बाज पडवीत टाका, आणि मला भाजी निवडायला द्या, देठ हाताला कळतात.

जायच्या दिवशी नाक्यावर आम्ही जीपची वाट बघत दगडावर बसलो होतो. तिचं गाठोडं तिच्या मांडीवर होतं. मी ते धरू का म्हणून विचारलं होतं, ती नको म्हणाली होती. ऊन कलत चाललं होतं. तिचा चेहरा माझ्याकडं होता, पण नजर माझ्या खांद्यावरून कुठंतरी. त्या दिवशी मी विचारून घेतलं, कारण पुन्हा कधी विचारायला मिळेल असं वाटलं नाही. म्हटलं, "आक्का, त्या पंचमीचा तुला माझा राग न्हाई आला का गं?"

जीपचा आवाज आला. तिनं गाठोडं काखेत मारलं, माझ्या खांद्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आला की. अजून येतो. पर राग यायला बी मानूस जवळ लागतंय. तिकडं शिरडला मी कुनावर रागवू?"